खोडलेली पहिली आवृत्ती

गल्लीत त्यांना सगळे ‘पहिलीच्या बाई’ म्हणत. त्यामुळे शाळा सुरू व्हायच्या दिवसांत एखादी तरी आई पोराचा भांग पाडून, त्याला हाताला धरून जिना चढून वर येई आणि विचारी, “पहिलीचा प्रवेश इथंच ना?”

बाई चष्म्यावरून बघत. “नाही हो. मी पहिलीची मुलं घेत नाही. पहिल्या आवृत्तीची पुस्तकं घेते.”

“मग गणिताचं आहे का?”

बाई कपाळाला हात लावत.

दुकान म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. एका बाजूला खिडकी, बाकी तिन्ही बाजूंना नाटकं. छापील नाटकं, आणि त्यातही होता होईतो पहिल्या आवृत्त्या. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. तशी काही माणसं आपल्या आवडत्या नाटकाचं पुस्तक अगदी पहिल्यांदा छापलेलं हवं म्हणून जंग जंग पछाडतात. अशा माणसांची आणि अशा पुस्तकांची गाठ घालून द्यायची, हा बाईंचा धंदा. ऐकायला सोपा. करणाऱ्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटणारा.

कारण आपल्याकडे पहिली आवृत्ती आहे असं ज्याला-त्याला वाटतं. फोन येई, “बाई, फार जुनं आहे हो, पानं पिवळी पडलीत.” बाई म्हणत, “पिवळं पडायला पहिलं असावं लागत नाही. पिवळी मीही पडलेय.” दुसरा सांगे, “आत छापलंयच ना, पहिली आवृत्ती म्हणून!” आता याला काय सांगायचं? एक प्रकाशक असा होता, की त्यानं पहिल्या खेपेला जुळवलेलं ते पान पुढं कधी बदललंच नाही. पुस्तक दहादा छापलं तरी आत आपलं ‘पहिली आवृत्ती’. दुसरा त्याच्या वरताण. नाटक खपतंय असं दिसावं म्हणून तो पहिल्याच खेपेला ‘दुसरी आवृत्ती’ छापून मोकळा होई. तिसरा तारीखच घालत नसे, म्हणजे भांडणच नको.

आणि कादंबरीचं एक वेळ बरं. लिहिली, छापली, संपली. नाटकाचं तसं नाही. पुस्तक आधी छापून होतं, मग प्रयोग होतो, मग प्रेक्षक नको तिथं खोकतात, की नाटककार घरी जाऊन अख्खा प्रवेश बदलतो. पुढच्या छपाईत नवा प्रवेश, मुखपृष्ठ मात्र तेच. त्यामुळे बाई पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडत, मग पात्रांच्या यादीत कुणाकुणाची नावं आहेत ते बघत, मग वरच्या कागदी जॅकेटची घडी उलगडून तिथं किंमत छापलेली आहे का ते पाहत. सभासदांसाठी वाचक योजनेतून मागाहून स्वस्तात काढलेल्या प्रतींवर किंमत नसे. पहिलं पान त्या सगळ्यांत शेवटी बघत. पहिल्या पानावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

घरूनही फारसा दिलासा नव्हता. नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, हातांना काम हवं असलेला माणूस. एकदा दुपारी तो दुकानात बसला आणि बाई परत येईपर्यंत त्यानं सगळी फाटकी जॅकेटं चिकटपट्टी लावून नीट करून ठेवली.

“अहो, हे काय केलंत!”

“फाटलं होतं, चिकटवलं.”

“लोकांना ते जसं असेल तसंच हवं असतं. फाटकं तर फाटकं!”

“फाटकंच हवं असेल, तर घरी माझे बनियन आहेत,” नवरा शांतपणे म्हणाला. बाई आठवडाभर त्याच्याशी कामापुरतं बोलत होत्या.

या नादाला बाई लागल्या त्याचीही एक गोष्ट आहे. तरुणपणी त्या एका हौशी नाट्यमंडळात प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, पुस्तकात बोट धरायचं, आणि कुणी अडलं की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. मंडळानं एकदा ‘कुलूपवाल्याचा जबाब’ बसवलं. नाटक गाजलेलं. गावातली सगळी कुलपं उघडणारा एक कुलूपवाला. त्याचं थोरल्या भावाशी वैर. शेवटी तो भाऊ रात्री येऊन दार ठोठावतो, आणि हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुलूपवाला तसाच बसून राहतो. दार उघडत नाही. पडदा.

प्रयोगाच्या तोंडावर कुलूपवाल्याचं काम करणाऱ्याचा पाय मोडला. बदली नट आला, त्यानं आपल्या घरच्या पुस्तकावरून पाठांतर केलं. तालीम दोनच अंकांची झाली, तिसऱ्याला वेळ मिळाला नाही. प्रयोगात शेवटी दार वाजलं आणि हा पठ्ठ्या किल्ल्या वाजवत उठला. बाईंच्या पुस्तकात तर तो बसून राहतो! त्या विंगेतून म्हणाल्या, “उघडू नका.” तो चालतच राहिला. “उघडू नका! अहो, उघडू नका!” हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्यानं दार उघडलं. दारामागं भाऊ नव्हता, ठोठावण्यापुरता उभा केलेला, सेट उभारणारा सुतार होता, हातात कप घेऊन. समोर लख्ख उजेडात एवढी माणसं बघून तो गांगरला आणि म्हणाला, “चहा घेणार?”

पडदा पाडावा लागला. आत नटानं आपलं पुस्तक बाईंच्या नाकासमोर धरलं. मुखपृष्ठ तेच, साल तेच, आत ‘पहिली आवृत्ती’ हेही तेच. शेवट मात्र वेगळा. नटाच्या पुस्तकात कुलूपवाला दार उघडतो आणि भाऊ आत येतो. मंडळातले सगळे बाईंवर उखडले. बाई मात्र दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन बसल्या आणि पान पान ताडून बघत राहिल्या. तिथून जे वेड लागलं, ते लागलं.

ते विंगेतलं पुस्तक त्यांनी जपून ठेवलं होतं. पुढं कळलं, की बंद दाराचा शेवट असलेली ती प्रत म्हणजेच खरी पहिली आवृत्ती, आणि ती कुठंच मिळत नाही. इतक्या वर्षांत दुसरी अशी प्रत बाईंच्या नजरेला पडली नव्हती. असं का, हे कोडं काही सुटत नव्हतं. नाटक गाजलेलं, पुस्तकं भरपूर छापलेली; मग गेली कुठं?

तर एके दिवशी त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक, दंतवैद्य, धापा टाकत जिना चढून आले. सद्गृहस्थ. नाटकांवर जीव. दोष एकच, त्यांना घाई फार.

“मिळाली!” त्यांनी पिशवीतून ‘कुलूपवाल्याचा जबाब’ काढलं. “पहिली आवृत्ती!”

बाईंनी शेवटचं पान उघडलं. कुलूपवाला दार उघडत होता. त्यांनी पुस्तक मिटून परत केलं. “दुसरी.”

“अहो, नीट बघा तरी!”

“नीट बघितलं म्हणूनच दुसरी.”

“असं कसं? आत पहिल्या पानावर स्वतः नाटककारांनी लिहून दिलंय.” दंतवैद्यांनी पान उघडलं. थरथरत्या अक्षरात होतं, ‘ही माझ्या नाटकाची पहिली आवृत्ती आहे.’ खाली सही.

बाई त्या अक्षराकडे बघत राहिल्या. प्रकाशक खोटं छापतात, वाचक खोटं समजतात, इथपर्यंत त्यांनी सोसलं होतं. आता लेखकच स्वहस्ते चुकीचं लिहून देत सुटला होता.

“चला,” दंतवैद्य म्हणाले, “त्यांनाच विचारू. तुमची प्रत घ्या बरोबर. दाखवू त्यांना.”

बाईंनी प्रत घेतली. पुढं त्यांनी स्वतःला बोल लावला तो याचसाठी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाटककार थकले होते. कान शाबूत, आवाज खणखणीत, गुडघे गेलेले. सुनेनं दार उघडलं, चहा ठेवायला गेली. नाटककार आरामखुर्चीत, मांडीवर फळी, फळीवर कागद. दंतवैद्यांनी घडाघडा सगळं सांगितलं.

“बंद दार?” नाटककार म्हणाले. “मी असा शेवट कधी लिहिलाच नाही.”

“लिहिलात,” बाई म्हणाल्या.

“अहो, नाटक माझं. मला माहीत नसणार?”

“तसंच वाटतं सगळ्यांना.”

“माझा कुलूपवाला दार उघडतो. पहिल्यापासून उघडतो.”

बाईंनी मुकाट्यानं आपली प्रत काढली, शेवटचं पान उघडलं आणि फळीवर ठेवली. म्हाताऱ्यानं ते पान वाचलं. चेहरा एकदम लहान झाल्यासारखा झाला. मग कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पेन उचललं आणि त्या पानावर वरपासून खालपर्यंत फराटे मारले. एक, दोन, चार. शाईचे.

“अहो!” बाई अशा ओरडल्या की सून बाहेर धावत आली. “अहो, काय करताय! ही एकच आहे!”

नाटककारांनी समासात लिहिलं, ‘हा शेवट चुकला होता,’ खाली सही ठोकली आणि पुस्तक मिटलं. “आता झाली दुसरी.”

“खोडली म्हणून पहिली दुसरी होत नाही!” बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. “खोडलेली पहिली होते! एवढं जपलेलं पुस्तक, मी त्यात कधी पेन्सिलीची रेघ ओढली नाही. खुणा करायच्या तर चिठ्ठ्या घालत होते मी, चिठ्ठ्या!”

दंतवैद्य हळूच पुढं झुकले. “बाई, एक सांगू? लेखकाच्या हातची खाडाखोड म्हणजे ही आता जगात एकमेव झाली. मी घेतो ही. तुम्ही म्हणाल त्या...”

“तुम्ही गप्प बसा हो!”

दंतवैद्य गप्प बसले. रोज दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाला ते जरा जडच गेलं.

सुनेनं चहा ठेवला. ती सासऱ्यांकडे बघून म्हणाली, “सांगून टाका ना आता. किती वर्षं तेच ते.”

म्हाताऱ्यानं मांडीवरची फळी बाजूला सारली. मग बोलला.

नाटकातलं वैर खरं होतं. त्यांचं आणि त्यांच्या दादाचं. मधल्या काळात दोघं बोलत नव्हते, तेव्हाच त्यांनी हे लिहिलं, बंद दारासकट. छपाईला दिलं. मग कुणाच्या तरी मध्यस्थीनं दोघांचं जुळलं, आणि त्यांनी मोठ्या हौसेनं दादाला पहिल्या प्रयोगाचं बोलावणं धाडलं. शेवट बदलायला हवा हे त्या आनंदात लक्षातच आलं नाही. दादा आला. पडदा पडल्यावर नाटककार त्याला शोधत बाहेर आले, तर दादा केव्हाच निघून गेलेला. त्यानंतर तो कधी आला नाही, की बोलला नाही.

“त्याला लागलं ते. लागणारच. भर सभागृहात मी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. त्याच आठवड्यात मी शेवट बदलला. आणि दुकानादुकानांतून ती पुस्तकं विकत घेऊन आणली. फाडली. हातानं. एकही ठेवली नव्हती.” त्यांनी बाईंच्या पुस्तकाकडे रागानं बघितलं. “असं वाटलं होतं.”

म्हणजे कोडं सुटलं होतं. बाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट संताप आला.

“आणि दादांनी नवा शेवट वाचला?”

“मला काय ठाऊक?”

“तुम्ही पाठवलं नाही पुस्तक?”

“कसं पाठवणार? तो बोलत नाही ना.”

“आहेत ना ते अजून?”

“आहे की. लेकीकडे असतो. त्या बाजारामागच्या रस्त्याला.”

“बाजारामागच्या!” बाई उभ्याच राहिल्या. “म्हणजे तुम्ही एवढी पुस्तकं फाडलीत, लोकांना खोटं लिहून देत बसलात, माझी प्रत नासवलीत, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलंत त्याला, बाजारामागं राहणाऱ्याला, एक पुस्तक नेऊन दिलं नाहीत? उठा.”

“काय?”

“उठा म्हणते मी.”

नाटककारांनी सुनेकडे बघितलं. सून केव्हाच चपला घेऊन आली होती. इतक्या लगबगीनं, की जणू या एका शब्दाची ती लग्न झाल्यापासून वाट बघत होती.

दंतवैद्यांच्या गाडीतून सगळे निघाले. दंतवैद्यांनी आपली ‘दुसरी’ प्रत दादांना द्यायची कबूल केली होती. पहिली नाही म्हटल्यावर तिच्यावरचं त्यांचं प्रेम ओसरलं होतं.

दादा गॅलरीत रेडिओ कानाशी धरून बसले होते. धाकट्यापेक्षाही वाळलेले, ताठ. लेकीनं पाहुण्यांना खुर्च्या दिल्या. धाकटा भाऊ समोर येऊन उभा राहिला तेव्हा दादांनी रेडिओ बंद केला, त्याला खालवर न्याहाळलं आणि म्हणाले, “गुडघे गेले वाटतं.”

“हो.”

“माझे गेले नाहीत.”

यापुढं घोडं अडलं. शेवटी बाईंनीच तोंड उघडलं आणि शेवटाची सगळी कथा ऐकवली. बंद दार, मग उघडलेलं दार, फाडलेली पुस्तकं. दादा हात कानामागं धरून ऐकत होते.

“कसला शेवट?” ते म्हणाले.

“नाटकाचा. तो बघून तुम्ही उठून गेलात ना?”

“मी कुठं बघितला शेवट? मी दुसऱ्या अंकानंतरच उठलो.”

नाटककारांनी गॅलरीचा गज धरला.

“का?” नाटककारांच्या तोंडून कसंबसं निघालं.

“खांबामागची खुर्ची दिली होतीस मला,” दादा म्हणाले. एवढ्या वर्षांनंतरही त्यांचा स्वर तापला. “सख्ख्या भावाला! दोन अंक खांब बघितला मी. उजवीकडं वाकलो तर शेजारची बाई रागावे, डावीकडं वाकलो तर एक नट दिसे, तोही अर्धा. म्हटलं, ज्याला भावासाठी एक धड खुर्ची मिळत नाही, त्याच्याशी काय बोलायचं!”

“जागा मी नव्हती दिली! थेटराच्या माणसानं दिली!”

“बोलावण्यावर तुझी सही होती.”

“सही माझी, खुर्ची त्यांची!”

“मग सही कशाला करायची?”

बाईंनी डोळे मिटून घेतले. एक खांब. त्यांच्या डोळ्यांपुढं फाडलेल्या पुस्तकांचा ढीग उभा राहिला. कोरी करकरीत पानं, शाबूत जॅकेटं, घडीवर छापलेल्या किमती. एका खांबापायी.

दोघं म्हातारे चांगलेच जुंपले होते. दादांची लेक आणि नाटककारांची सून दारात उभ्या राहून बघत होत्या; मध्ये पडायची दोघींपैकी एकीचीही इच्छा दिसेना. अखेर दादा थांबले, दमले आणि म्हणाले, “बघू तरी. काय लिहिलं होतंस एवढं?”

दंतवैद्यांनी दुसरी पुढं केली. दादांनी ती ढकलली. “ही नको. ती. आधीची.”

बाईंनी नाइलाजानं पुस्तक दिलं. दादांनी भिंग मागवलं. “कुणी गिरबटलंय हे?” ते पुटपुटले आणि फराट्यांच्या फटीफटींतून शब्द वेचत वाचू लागले. ओठ हलत होते. एकदा उलटं जाऊन मागचं पान वाचलं, पुन्हा पुढं आले. नाटककार गॅलरीचा गज धरून उभे होते. पहिल्या प्रयोगालाही ते असे उभे राहिले नसतील.

दादांनी भिंग खाली ठेवलं.

“बरोबर आहे की.”

“काय बरोबर आहे?”

“हाच शेवट बरोबर आहे. माणूस ठोठावतो, नाही उघडलं तर निघून जातो. मी काय केलं? गेलोच ना?” त्यांनी पुस्तक मिटलं. “चांगलं लिहिलंयस.”

नाटककार खुर्चीवर बसले. सुनेनं पुढं होऊन पाण्याचं भांडं त्यांच्या हाती दिलं. एक घोट घेऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, “मग मी खोडलं कशाला?”

“तेच विचारतेय मी केव्हापासून!” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला खरा, पण त्यात आता पहिला दम उरला नव्हता.

दंतवैद्यांनी परतताना गाडीत पुन्हा एकदा पुस्तकाचा विषय काढून बघितला. बाईंनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत राहिल्या. ती प्रत त्यांनी विकली नाही. अशी वस्तू गिऱ्हाइकापुढं ठेवताना तिचं वर्णन काय करायचं हेच त्यांना ठरवता येईना. पहिली म्हणावी, तर लेखकाची सही सांगते की चुकली. चुकली म्हणावी, तर ज्याच्यासाठी खोडली तो सांगतो की बरोबर.

आता दादांकडे धाकट्याची येजा सुरू झाली आहे. दंतवैद्य सवड मिळाली की त्यांना गाडीतून सोडतात. दोघं भाऊ खांबावरून भांडतात, दमतात, रेडिओ ऐकतात. दादांची लेक कधी बाईंना फोन करते, “बाई, हे काय करून ठेवलंत! आमच्या घरात आता दुपारची झोप म्हणून राहिली नाही.” बाई म्हणतात, “मी काय करू? मी पुस्तकं विकते.”

मग परवा नाटककारांचाच फोन आला. आधी इकडचं तिकडचं, तब्येत, हवा. बाई सावध झाल्या.

“एक काम होतं,” नाटककार म्हणाले. “दादाला पुस्तक द्यायचंय. त्याला पहिलीच हवी म्हणतो, बंद दाराची. तुमच्या पाहण्यात आली तर माझ्यासाठी ठेवा.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

“ऐकताय ना?” पलीकडून आवाज आला. “आणि स्वच्छ बघा हं. खाडाखोड केलेली नको.”

बाईंनी फोन खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. नवऱ्यानं विचारलं, कोण होतं. त्यांनी चष्मा पुसला, समोर नुकत्याच आलेल्या जुन्या नाटकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, आणि वरचं पुस्तक उचलून शेवटचं पान उघडलं.